सोबत न्यायचे नाना

खानदेशात सोनं, बैलजोडी आणि जावई एकट्यानं पसंत करायची रीत नाही; सोबत एक जाणता माणूस लागतो. या शतकाच्या पहिल्या दशकात पाच-सात हजारांचे छोटे डिजिटल कॅमेरे लग्नघरांत शिरले आणि या जाणत्याच्या कामात भर पडली. जळगावचं गोलाणी मार्केट असो की धुळ्याचा आग्रा रोड, काउंटरपाशी गिऱ्हाईक, त्याची बायको आणि दोघांच्या मधे हा जाणता, म्हणजे नाना, ही मांडणी ठरलेली. नानांच्या स्वतःच्या मालकीचा कॅमेरा कधीच नसतो. ते कॅमेरा आधी तळहातावर तोलतात, मग कानाशी नेऊन हलवतात, मग सेलच्या खणाचं झाकण दहा वेळा उघडझाप करतात. गिऱ्हाईक हळूच विचारतं, "कसा शे, नाना?" नाना त्याला उत्तर देत नाहीत. दुकानदाराला म्हणतात, "दुसरा दाखवा." पसंत पडला तरी दुसरा बघायचाच, हा बाजाराचा धर्म.

नानांना हसणारे पुष्कळ आहेत. हा माणूस कॅमेरा वांग्यासारखा निवडतो, असं ते म्हणतात. माझं म्हणणं असं की स्वस्त कॅमेरा निवडायची तीच खरी रीत आहे. भरिताचं वांगं घेताना खानदेशी माणूस आकारानं मोठं पण हाताला हलकं लागणारं वांगं उचलतो, कारण जड वांग्यात बिया फार. ज्या जळगावी भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या मुलखात 'जास्त म्हणजे चांगलं' हे गणित चालत नाही. दुकानदार मात्र तेच विकत असतो: दहापेक्षा बारा मेगापिक्सेल बरे, बारापेक्षा सोळा. आता या कॅमेऱ्यांतला प्रकाश टिपणारा तुकडा बहुधा सहा मिलिमीटर लांब आणि साडेचार मिलिमीटर रुंद, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीच्या एका दाण्याएवढा. डाळमिलांच्या जळगावाला हे माप वेगळं समजवावं लागत नाही. त्या एका दाण्यावर एक कोटी साठ लाख ठिपके दाटीवाटीनं बसवले, तर प्रत्येकाच्या वाट्याला प्रकाश येणार तो किती? उजेड कमी झाला की फोटोत रवा पसरल्यासारखे दाणे उमटतात. त्याच बिया. बरं, अल्बमात लावायच्या सहा बाय चार इंची फोटोला बावीस लाखांच्या आसपास ठिपके पुरतात. उरलेले कोटभर कशासाठी, हा नानांचा प्रश्न अडाणीपणाचा नाही.

नानांची परीक्षाही अशीच. कॅमेरा हातात घेऊन ते थेट दुकानाबाहेर उन्हात जातात. दुकानदाराच्या पोटात गोळा येतो, पोऱ्या मागे धावतो. पण मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो त्या गावात कॅमेऱ्याचा पडदा उन्हात दिसतो का, हे पंख्याखाली बसून कसं कळणार? पडद्यावर फक्त स्वतःच्या मिशा दिसल्या की नाना डोळा लावायचं भोक असलेलं मॉडेल मागतात. मग ते पोऱ्याला चालायला लावतात आणि बटण दाबतात. बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत पोऱ्या चौकटीबाहेर गेला, तर कॅमेरा नापास. कारण हार घालताना नवरदेव थांबत नसतो. झूमचा आकडा सांगितला की त्यातला भिंगाचा किती आणि डिजिटल किती, याची ते फोड करून घेतात. डिजिटल झूम म्हणजे वरणात पाणी: पातेलं भरतं, डाळ तेवढीच. आणि पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा त्यांना विशेष प्रिय. भारनियमनाच्या दिवसांत चार्जरवर विसंबणं म्हणजे वरातीत पायी चालणं. सेल मात्र पानटपरीवरही मिळतात. साधे सेल थोड्याच फोटोंत बसतात, हा आक्षेप खरा आहे. त्यावर नाना चार्ज होणारे चार सेल घ्यायला लावतात, दोन कॅमेऱ्यात आणि दोन खिशात. धुळ्याचे नाना याशिवाय पक्कं बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड तपासतात. जुनी कागदपत्रं जपणाऱ्या राजवाडे संशोधन मंडळाच्या गावात अस्सल कागदाशिवाय कशावर विश्वास ठेवायचा?

कुणी म्हणेल, फोटो माणूस काढतो, यंत्र नव्हे. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) पन्नासेक वर्षं घराबाहेर जवळपास पडलेच नाहीत, तरी टेबलावर मांडलेल्या वस्तूंतून त्यांनी फोटोंचं जग उभं केलं. गंमत अशी की किंमत बजेटबाहेर गेली की नाना स्वतःच हा दाखला काढतात: "मूससाहेबांना लागला का झूम?" दाखला मोठा आहे, पण इथे लागू नाही. मूस यांच्या टेबलावरची वस्तू हलत नव्हती आणि दिवा त्यांच्या हातात होता. लग्नातली आत्याबाई हलते, आणि शेतातल्या भरीत पार्टीत उजेड असतो तो पेटलेल्या काड्यांचा. तिथे भिंगाला खेटून बसलेला फ्लॅश मारला तर धुराचेच पांढरे ठिपके येतात. अजिंठ्याच्या लेण्यांत तर फ्लॅशला बंदीच. ज्याच्या हातात वेळ नाही आणि उजेडही नाही, त्या हौशी माणसालाच यंत्र पारखून घ्यावं लागतं.

नानांचा खरा दोष वेगळा आहे. ते इतकं पारखतात की दिवाळी जाते, तुळशीचं लग्न उरकतं, आणि पसंत केलेलं मॉडेल कंपनीनं बंद केलेलं असतं. नाना याला पारख बरोबर निघाल्याचा पुरावा मानतात: "टिकणारा असता तर बंद केला असता का?" हा युक्तिवाद मात्र मला वाचवता येत नाही.

आणि मोबाइलनं हे सगळं संपवलं, असं म्हणावं तर तेही अर्धंच. आता कॉलेजातली पोरं तेच जुने छोटे कॅमेरे कपाटांतून शोधून काढताहेत, सेकंडहँड विकत घेताहेत. त्यांना तेच दाणे आणि तोच फ्लॅशचा भगभगीत उजेड हवासा वाटतो. ज्या बिया नानांनी नाकारल्या, त्यांचाच भाव वधारला. तरी जुना माल घ्यायचा म्हणजे सोबत जाणता हवाच. नाना जातात, सेलच्या खणाचं झाकण उघडतात आणि आत गळलेल्या सेलचा पांढरा-हिरवा गंज आहे का ते बघतात. मग म्हणतात, "दुसरा दाखवा."