व्हिसा त्याचा, चौकशी आमची

"डहाळी हवी तेवढी तोडा वहिनी, पण आधी सांगा, तुमच्या वरचा पोरगा काल बीकेसीला जाऊन आला ना?"

उद्या मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घटात ठेवायला पाच झाडांची पानं लागतात आणि आंब्याचं झाड ताईंच्या आवारात. आमच्या दोन इमारतींमधली भिंत गळ्याइतकी, म्हणजे बोलायला अगदी मापाची. ताई सरकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाल्या. अजूनही कुणाचं घर बघितलं की त्यांना आधी तारण दिसतं.

"तुम्हाला कोणी सांगितलं? त्याची आई तर म्हणाली, बापलेक बँकेत गेलेत."

"बँकेत जाताना कोणी एवढी कडक इस्त्री करतं का? पाठीला सॅक नाही, हातात नुसती पारदर्शक फाइल आणि पोराचा मोबाइल बापाच्या खिशात. अमेरिकेच्या कॉन्सुलेटमध्ये बॅग आणि फोन आत नेऊ देत नाहीत. फाटकातून बाहेर पडला तेव्हाच मी म्हटलं, हा एफ-वन व्हिसाला चालला."

"मेट्रोनं गेले," मी माझा वाटा टाकला. फुकट ऐकून घेणं बरं दिसत नाही.

"जाणारच. दादरला बसलं की शीतलादेवी, धारावी, की आलं बीकेसी. आणि ऐका, काम झालंय. जाताना फायलीत निळा पासपोर्ट दिसत होता. येताना नव्हता."

"हरवला की काय!"

"अहो, ठेवून घेतला! खिडकीतल्या साहेबानं पासपोर्ट ठेवला की बहुतेक व्हिसा झाला म्हणायचं. हातात परत दिला आणि वर छापील कागद दिला की संपलं. मधला एक प्रकार असतो, २२१-जी, म्हणजे अमुक कागद आणून द्या नाहीतर नुसतं थांबा. पण त्यात माणसाचा चेहरा वेगळा असतो. हा येताना कोपऱ्यावर बापाबरोबर उसाचा रस पीत होता."

आता त्याच्या आईनं एवढं लपवायचं काय कारण, तर २०२५ चा मे महिना. तेव्हा कॉलेजकडून आय-ट्वेंटी, म्हणजे प्रवेशाचा कागद, आला आणि तिनं सगळ्या मजल्यांवर आंबा बर्फी वाटली. साडेतीनशे डॉलर सेव्हिसचे भरले, एकशे पंच्याऐंशी व्हिसाचे भरले, आणि २७ मेला तिकडून हुकूम निघाला की विद्यार्थ्यांना मुलाखतीच्या नव्या तारखा देणं थांबवा. १८ जूनला थांबलेलं सुरू झालं, पण तारीख मिळेल तर शपथ. पोरगा रात्री दोनला उठून कॉम्प्युटरपुढे बसायचा. मला कळायचं, कारण त्याच्या खुर्चीची चाकं माझ्या पलंगावर फिरतात. ऑगस्ट तसाच गेला. कॉलेजनं प्रवेश जानेवारीवर ढकलला. आणि बर्फी खाल्लेला प्रत्येक माणूस त्याला जिन्यात विचारत राहिला, "काय, कधी उड्डाण?" त्यानंतर त्या बाईनं तोंडाला कुलूप घातलं, ते पासपोर्टवर शिक्का दिसेपर्यंत काही काढायची नाही.

"पण कुलूप पोरानं काढलं ना!" ताईंचा आवाज खाली आला. म्हणजे आता मूळ मुद्दा. "१८ जूनच्या त्या हुकमात लिहिलंय, एफ, एम आणि जे, म्हणजे शिकायला जाणारे आणि एक्स्चेंजवाले, सगळ्यांनी आपली सोशल मीडियाची खाती उघडी ठेवायची. साहेबाला तपासता यावीत म्हणून."

"मग?"

"मग साहेबाला उघडं ते मला नाही का उघडं?"

मी भिंतीला टेकले. डहाळी पिशवीत टाकली.

"इन्स्टाग्राम. पाच वर्षांचं सगळं. लोणावळा, अलिबाग, कॉलेजचा फेस्टिव्हल. आणि दर चार फोटोंमागे एक मुलगी. तीच. काळा घोड्याला मॅक्स म्युलर भवनाबाहेर दोघं चहा पितायत, तिच्या मांडीवर जर्मनचं पुस्तक, वर बी-वन लिहिलेलं."

"बी-वन म्हणजे?"

"म्हणजे तिसरी पायरी. ए-वन, ए-टू, मग बी-वन. नुसत्या हौसेनं शिकणारी पोरं ए-टूला गळतात. ही जाणारच आहे. आणि मला विचाराल तर पोरीचं डोकं जास्त चालतं."

पुढचा बराच वेळ ताईंनी जर्मनीचं कौतुक केलं. तिकडच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी जवळजवळ नाहीच. पण व्हिसाला जायच्या आधी एका वर्षाचा राहण्याखाण्याचा खर्च, ११,९०४ युरो, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरून दाखवायचा. तिथे पोचल्यावर त्यातले महिन्याला ९९२ काढता येतात, एक युरो जास्त नाही. आणि नोव्हेंबर २०२२ पासून एपीएसचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे तुमच्या गुणपत्रिका खऱ्या आहेत हे आधी तपासून घ्यायचं. ताईंना ही व्यवस्था फार पसंत. "पैसे आपलेच, आपल्यालाच हप्त्यानं. उधळपट्टीची सोय नाही. आमच्या बँकेत असं काही असतं तर निम्मी थकबाकी झालीच नसती."

"पण मग याच्याकडे पैसे कुठून आले?" मला विचारायलाच हवं होतं. "इंग्लंडला काय, अमेरिकेला काय, लाखांत असतो आकडा."

इथे ताई खुलल्या. कारण वरची मंडळी सुरुवातीला त्यांच्याकडेच सल्ल्याला आली होती, आणि सल्ल्याला आलेल्यांचं गुपित ठेवायचं असतं हे ताईंना मान्य आहे, फक्त भिंतीला ते लागू नाही.

"बाप म्हणाला, ताई, तारणाची काय काळजी, आपलं शिवाजी पार्कातलं घर आहे. मी म्हटलं, दाखवा कागद. काय दाखवणार? भाड्याची पावती! पागडीचं घर वहिनी, तुमचं तसंच त्यांचं. पावतीवर भाडेकरू लिहिलंय. विकायचं म्हटलं तर मालकाची परवानगी आणि वर त्याचा वाटा. बँक त्यावर काय गहाण ठेवून घेणार, जिना?"

मला जरा लागलंच. आमच्या सासऱ्यांनी ती खोली घेतली तेव्हा सासूबाईंच्या पाटल्या गेल्या होत्या. बाहेरच्या माणसाला कॅडल रोडचा पत्ता सांगितला की तो वरपासून खालपर्यंत बघतो, कोट्यधीश म्हणून. आणि बँकेच्या टेबलापलीकडे बसलं की आपण महिना दीडशे रुपयांचे भाडेकरू.

"विनातारण किती मिळतं?"

"सरकारी बँकेत साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत. नावाजलेलं विद्यापीठ असेल तर काही बँका पुढे जातात, पण याचं कॉलेज त्या यादीत नव्हतं. खासगी वित्त कंपन्या देतात, व्याज ऐकून घाम फुटतो. शेवटी डोंबिवलीचा मामा आला धावून. त्याचा वन बीएचके, पण ओनरशिपचा. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, नोंदवलेला करारनामा, सगळं जागच्या जागी. शिवाजी पार्कचा भाचा डोंबिवलीच्या फ्लॅटवर अमेरिकेला चाललाय, लक्षात ठेवा."

लक्षात कशाला ठेवायला हवं! लग्नात याच मामाला त्यांनी दुसऱ्या पंगतीला बसवलं होतं.

कागदांची एक वेगळीच कथा. मुलाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग त्याचं नाव, मग बापाचं. पासपोर्टात बापाचं नाव मधे. आणि आईची तर तीन नावं निघाली: माहेरचं, लग्नात तांदळाच्या ताटात लिहिलेलं, आणि पुढे नोकरीत परत माहेरचंच चालू राहिलेलं. तिच्या नावावरच्या ठेवी दाखवायच्या होत्या, पण मुलाच्या गुणपत्रिकेवर आई म्हणून लिहिलेली बाई आणि पासबुकातली बाई एकच, हे पटवायचं कसं? प्रतिज्ञापत्र झालं, मग चर्नी रोडला जाऊन राजपत्रात जाहिरात. पंचवीस वर्षं संसार केलेल्या बाईनं सरकारी गॅझेटात छापून सांगितलं की मी तीच. ती हे सांगताना हसत होती. मला नाही हसू आलं.

"आणि मुलाखतीत विचारतात काय?"

"दोन मिनिटं. उभ्याउभ्या, काचेपलीकडून. हेच कॉलेज का, पैसे कोण भरणार, बाप काय करतो. आणि मग तो एक प्रश्न. मी त्याला आधीच सांगितलं होतं, बाळा, एवढे कागद नेतोयस पण तो एकही उघडून बघणार नाही. १९५२ चा त्यांचा कायदा आहे, त्यातलं कलम २१४-बी. समोर उभा राहिलेला प्रत्येकजण कायमचा राहायलाच आलाय असं धरून चालायचं. नाही, मी परत जाणार आहे, हे पटवायची जबाबदारी तुझी."

"मग काय सांगायला शिकवलंत?"

"आईवडील मुंबईत आहेत, एकुलता एक आहे, इथल्या कंपन्यांत या शिक्षणाला मागणी आहे. सगळं खरं." ताई थोडं थांबल्या. "वहिनी, या पोरांच्या फायली दोन असतात. कॉन्सुलेटच्या फायलीत म्हणायचं, शिकलो की परत येणार. बँकेच्या फायलीत म्हणायचं, तिकडे नोकरी लागली की फेडणार. मी नोकरीभर ती दुसरी फाइल मंजूर केली. पुढे किती कमावणार, या रकान्यात रुपयातला पगार धरून हिशेब मांडलेला अर्जदार मला आठवत नाही. पहिल्या फायलीतलं खरं झालं तर दुसरी बुडते. डोंबिवलीच्या पगारात डोंबिवलीचा फ्लॅट सुटतोय का?"

हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आईला विचारलं तर ती देवाजवळ नक्की कुठली फाइल ठेवत असेल?

मैदानाकडून बांबू उतरवल्याचा खडखडाट येत होता. सहा डिसेंबर जवळ आला की मांडवांचं सामान पडायला लागतं आणि कट्ट्यावर बसायची जागा कमी होते.

"परत येईन असं लिहून देऊन खरंच परत आलेला माणूस हवा असेल तर तो बघा," ताईंनी चैत्यभूमीच्या दिशेनं हनुवटी केली. "१९१३ साली बाबासाहेब कोलंबियाला गेले, बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड. लिहून दिलं होतं, परत येऊन संस्थानाची दहा वर्षं नोकरी करीन. १९१७ ला आले. आणि एवढं शिकून आलेल्या माणसाला बडोद्यात कोणी खोली देईना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तिथूनही काठ्या घेऊन बाहेर काढलं. ते सगळं त्यांनी लिहून ठेवलंय, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' नावाचं छोटं पुस्तक. मैदानावरच्या स्टॉलवर मिळेल, घ्या यंदा. कोलंबियात शिकवतात ते."

ताईंच्या तोंडी हे येईल असं मला वाटलं नव्हतं. मग कळलं, गाडी कुठे चालली होती.

"आमच्या दादालाही तोच प्रश्न विचारला होता. सत्तरच्या आसपास. तेव्हा कॉन्सुलेट ब्रीच कँडीला, वांकानेरच्या राजाच्या जुन्या बंगल्यात. बीकेसीत आलं ते २०११ ला. भुलाभाई देसाई रोडच्या फुटपाथवर पहाटेपासून रांग, बाबा थर्मास घेऊन त्याच्याबरोबर. आणि देशाबाहेर न्यायची परवानगी आठ डॉलरची. आठ! एवढ्यात हल्ली विमानतळावर कॉफी येईल. दादानं साहेबाला सांगितलं, मी एकुलता एक मुलगा, आईवडील शिवाजी पार्कला, परत येणारच. खोटं नव्हता बोलत हो. त्याला तसंच वाटत होतं."

"एकुलता एक? आणि तुम्ही?"

"मुलगी कुठे धरतात तारणात?"

यावर मी काय बोलणार? ताईंच्या आईवडिलांचं शेवटपर्यंत कोणी केलं हे भिंतीच्या दोन्ही बाजूंना माहीत आहे. दादा दोनदा आला होता, दोन्ही वेळा बाराव्याच्या आधी परत.

"हा येईल कदाचित," मी विषय हलवला. "आता म्हणे नोकरीच्या एच-वन-बी व्हिसाला एक लाख डॉलर लावलेत."

"ते सप्टेंबरातलं. बाहेरून नवीन माणूस बोलवायचा असेल तर. तिथेच शिकून व्हिसा बदलून घेणाऱ्यांना ती फी नाही, असं ऑक्टोबरात स्पष्ट केलं त्यांनी. पण लॉटरी आहेच. शिकून झाल्यावर ओपीटीचं, म्हणजे तिथे काम करायच्या परवानगीचं, एक वर्ष, विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना वर दोन. त्या तीन वर्षांत नंबर लागला तर लागला. त्याची आई परवा हळूच विचारत होती मला, ताई, नाहीच लागला तर हप्ता किती बसेल? मी आकडा सांगितला. म्हणाली, मी अजून पाच वर्षं नोकरी करू शकते."

"म्हणजे तिला तो परत यायला हवाय."

"मामाला नकोय." ताई हसल्या. "आणि ती जर्मनीवाली? ती तिकडे, हा इकडे. तेही बघायला हवं पुढे काय होतंय."

"बघा मग तुम्ही रोज. तुमच्याकडे उघडंच आहे खातं."

"कुठलं! काल संध्याकाळी रस पिऊन आला आणि रात्री नवाला परत कुलूप. मी त्याला सांगणार होते, व्हिसा हातात येईपर्यंत तरी थांब रे, अशी घाई बरी नाही. पण सांगणार कुठल्या तोंडानं?"

"गेलं म्हणजे सगळं."

"तसं कसं गेलं?" ताईंनी साडीच्या ओच्यातून फोन काढला आणि चष्मा कपाळावरून खाली घेतला. "बँकेत एवढी वर्षं काढली वहिनी. मूळ कागद परत देण्याआधी झेरॉक्स काढून ठेवतोच आम्ही. या, जरा जवळ या, उजेडात धरते. ही बघा. नाक कोणासारखं वाटतं? मला तर ती कीर्ती कॉलेजच्या गल्लीतल्या वडेवाल्याच्या मागच्या इमारतीतली वाटतेय, दुसऱ्या मजल्यावरची."