वऱ्हाडात सेप घेण्याची शास्त्रोक्त पद्धत

पूर्वतयारी : आधी नात्यातलं कोणीतरी दवाखान्यात भरती व्हावं लागतं. अमरावती-अकोल्याकडचा धडधाकट माणूस स्वतःसाठी सफरचंद घेत नाही. तो वरुड-मोर्शीचा संत्रा सोलतो.

पायरी १, नाव : हातगाडीपाशी ‘सफरचंद’ म्हणू नये, भाव चढतो. ‘सेप’ म्हणावं.
“सेप कसे लावले, भाऊ?”
“काश्मीरचे हायेत बाप्पा, घ्या ना!”
पुढचा भूगोल विचारू नये.

पायरी २, रंग : लालभडक, बुडाशी पाच उंचवटे असलेलं ते रेड डेलिशियस. मूळचं अमेरिकेतल्या आयोवाचं. तिकडच्या लोकांनी जास्त लाल फळांच्या फांद्या निवडून निवडून कलमं केली. साल रंगत गेली, चव मागं राहिली. तरीही हेच न्यावं, कारण पेशंटचे नातेवाईक रंगच पाहतात. हिरवं ग्रॅनी स्मिथ १८६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात मारिया अ‍ॅन स्मिथ नावाच्या बाईंच्या बागेत आपोआप उगवलं. ते आंबट असतं; ज्या मामेसासऱ्यांशी वाटणीवरून बोलणं बंद आहे त्यांच्यासाठी राखून ठेवावं. पिवळं गोल्डन डेलिशियस काविळीच्या पेशंटला नेऊ नये, टोमणा वाटतो.

पायरी ३, स्टिकर : ४०१७ हा भाव नव्हे, मोठ्या ग्रॅनी स्मिथचा क्रमांक आहे. आकडा पाच अंकी आणि ९ नं सुरू होणारा असेल तर माल सेंद्रिय. काही असो, स्टिकर भेटायला येणाऱ्यांच्या तोंडासमोर येईल असं फळ ठेवावं.

पायरी ४, मोह : अंगणात सेपाचं झाड लावावंसं वाटेल. जुन्या जातींना हिवाळ्यात सात अंशांखालची सुमारे हजार तास थंडी लागते. अकोल्याची ख्याती उलट्या बाजूची. हिमाचलच्या हरिमन शर्मा यांची एचआरएमएन-९९ ही जात कमी थंडीवर येते. लावायची तर लावा, पण फळ धरेपर्यंत शेजाऱ्यांना ‘पेरू आहे’ म्हणून सांगा.

पायरी ५, परीक्षा : सेपाची लाली असो की संत्र्याचा केशरी, दोन्ही रंग थंड रात्रींनी खुलतात. म्हणून ऑक्टोबरातला अंबिया बहराचा संत्रा वरून हिरवट अन् आतून गोड निघतो. हे इथलं शेंबडं पोरगंही जाणतं. फळ तळहातावर तोलून रस सांगतं. सेपही तसाच तोलावा : जड आहे का, टणक आहे का, लालीखालचा हिरवा रंग पिवळसर झालाय का. मात्र गाडीसमोर उभं राहताच ही सगळी अक्कल विसरायची असते, अशी रीत आहे.

शेवटची पायरी : पिशवी उशाशी ठेवावी. तिथं आधीच चार पिशव्या असतील. पेशंट कण्हत उठून बसेल, पाचवीत हात घालून चाचपेल आणि विचारेल, “संत्रा नाई आनला काय बे?”