वेस्टन मास्टर वापरण्याची शास्त्रोक्त पद्धत

जुना लाइट मीटर विकत घेताना तो चालतो का, हे विकणाऱ्याला विचारू नये. ‘एकदम वर्किंग, साहेब’ याखेरीज दुसरे उत्तर जुन्या बाजारात ऐकू आल्याची नोंद नाही. मीटर हातात घ्यावा, पाठीमागची काच उजेडाकडे करावी आणि सुईकडे पाहावे. सुई उडाली तर सेल जिवंत आहे. मग काचेवर तळहात घट्ट दाबावा. सुई शून्यावर येऊन गुमान बसली पाहिजे. थोडी इकडेतिकडे बसली तर तिला वठणीवर आणायला एक बारीक स्क्रू असतो. सुई मुळीच हलली नाही, तर मीटर कपाटात शोभेला ठेवावा आणि पाहुण्यांसमोर त्याला ‘अँटिक’ म्हणावे.

प्रस्तुत मार्गदर्शन वेस्टन मास्टर टू या मीटरपुरते आहे. न्यू जर्सीतल्या नेवार्कची वेस्टन कंपनी १९३२ पासून असे मीटर बनवत होती. मास्टर टू हा दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या सुमाराचा. याला बॅटरी लागत नाही. सेलेनियमवर प्रकाश पडला की त्यातच बारीकशी वीज तयार होते आणि सुईला ढकलते. गोसेन लुनासिक्सच्या मालकांचे नशीब एवढे थोर नाही. त्यांच्या मीटरला लागणारे १.३५ व्होल्टचे पाऱ्याचे सेल आता बंद झाले, म्हणून बदली सेलसाठी ते श्रवणयंत्राच्या दुकानात उभे असतात. त्यांच्याशी सहानुभूतीने वागावे, मोठ्याने बोलू नये. त्यांना नीट ऐकू येते.

सेलेनियमचा खरा वैरी दमट हवा. कोकणातल्या साधकाने मीटर पावसाळाभर सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, आणि त्यात भाजणी नाही हे घरात सर्वांना आधीच सांगावे.

आता प्रत्यक्ष विधी. प्रथम तबकडीवर फिल्मचा वेग लावावा. इथे पहिली परीक्षा आहे. मास्टर टूवर वेस्टनचे स्वतःचे आकडे असतात आणि १०० एएसएची फिल्म तिथे ८० ठरते. सरळ १०० वर लावले तर तिसरा हिस्सा स्टॉप प्रकाश कमी पडेल. निगेटिव्ह एवढ्याने रुसत नाही, पण साधकाने ८० च लावावे. त्याने चेहऱ्यावर एक निराळे गांभीर्य येते.

पाठीमागे भोकाभोकांची एक झडप आहे. ऊन असेल तर ती मिटलेली ठेवावी. सावलीत किंवा घरात उघडावी, म्हणजे समोरची पट्टीही आपोआप बदलते. सुई जो आकडा दाखवेल त्यावर तबकडीचा बाण आणावा. मग अ‍ॅपर्चर आणि शटरच्या जोड्या समोरासमोर उभ्या राहतात, लग्नाच्या यादीसारख्या. त्यांतली परवडेल ती निवडावी. सुईचे आकडे म्हणजे दर चौरस फुटाला किती मेणबत्त्या, याचा हिशेब. म्हणजे झाडाखालची म्हैस साधारण तेरा मेणबत्त्यांची भरते आणि उन्हातले पांढरेशुभ्र धोतर सोळाशेच्या आसपास जाते.

म्हैस आणि धोतर या दोन वस्तूंवरच सगळा अभ्यास करावा. कारण मीटरची एक ठाम श्रद्धा आहे: जगात जे जे आहे ते करडे आहे. त्याला म्हैस दाखवा, तो म्हणेल, ही करडी आहे, पण उजेड फार कमी पडलाय, वाढवा. धोतर दाखवा, तो म्हणेल, हेही करडेच, फक्त उजेड जास्त झालाय, कमी करा. त्याचे ऐकले तर फोटोत करडी म्हैस येते आणि करडे धोतर येते, व धोतराचे मालक घरी येऊन साबणाची चौकशी करतात. म्हणून म्हशीला मीटर सांगेल त्यापेक्षा दोन स्टॉप कमी द्यावेत आणि धोतराला जवळजवळ तितकेच जास्त. हा सगळा हिशेब जमेपर्यंत म्हैस ओढ्यावर जाते. तिला दोष देऊ नये.

म्हैस नसल्यास स्वतःचा तळहात चालतो. तो चित्रविषयावर पडणाऱ्या उजेडातच धरावा, त्यावर मीटर लावावा आणि एक स्टॉप वाढवून द्यावा. मोकळ्या रानात मीटर किंचित खाली झुकवावा. नाहीतर त्याच्या रुंद नजरेत आभाळ शिरते आणि माणसे काळवंडतात.

इन्व्हरकोन नावाची पांढरी टोपी मिळाली तर ही सारी करडी तत्त्वचर्चा टळते. ती सेलवर बसवून मीटर माणसाच्या चेहऱ्याजवळ न्यावा आणि टोपी कॅमेऱ्याकडे करावी. मग मीटर परत येणारा प्रकाश न मोजता पडणारा प्रकाश मोजतो, आणि धोतर धोतरच राहते. मात्र ज्येष्ठ आत्या या टोपीला माइक समजून ‘हॅलो, हॅलो’ करू लागतात. त्यांना थांबवू नये. तेवढ्यात आकडा वाचून घ्यावा.

तबकडीवर ए आणि सी अशी अक्षरेही आहेत. बाणाऐवजी ए धरले तर प्रकाश निम्मा, सी धरले तर दुप्पट. ‘आपण सी ठेवलं होतं का?’ एवढेच विचारले तरी इतर छायाचित्रकार अदबीने बोलू लागतात.

प्रगत साधकांसाठी एक दाखला. १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळ छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सना चंद्रोदय दिसला, सूर्य मावळत होता, थडग्यांवरचे क्रूस चमकत होते, आणि त्यांना त्यांचा वेस्टन मीटर सापडेना. चंद्राच्या चौरस फुटाला अडीचशे मेणबत्त्या हे त्यांना तोंडपाठ होते. त्यावरून त्यांनी मनात एक्स्पोजर काढले आणि एक फोटो घेतला. दुसरी निगेटिव्ह घेईपर्यंत क्रूसांवरचे ऊन गेले होते. नवशिक्याने यावरून मीटर घरी ठेवण्याचा अर्थ काढू नये. आधी मेणबत्त्या पाठ कराव्यात. प्रथम चंद्राच्या, मग म्हशीच्या.

काम संपल्यावर झडप मिटावी, पण मीटर गळ्यातच राहू द्यावा. लग्नकार्यात याचा विशेष लाभ होतो. मुलीकडचे आपल्याला मुलाकडचा फोटोग्राफर समजतात, मुलाकडचे मुलीकडचा, आणि दोन्ही बाजूंनी पहिल्या पंगतीला बसण्याचा आग्रह होतो.