तांबड्या मातीत तांबडं तेल

तांबड्या मातीच्या मुलखात तांबडं तेल गळणारी गाडी घेऊन जाऊ नये. इंजिन ऑइल वापरून काळं पडतं, ते कुठेही सांडलं तरी दिसतं. ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल मुद्दाम लाल रंगवलेलं असतं, गळलं तर इंजिन ऑइलपासून वेगळं ओळखू यावं म्हणून. हा रंग ज्याने कोणी ठरवला तो ताम्हिणी घाट उतरून कधी कोकणात आला नसावा. तिथे माती तांबडी, जांभ्याचे चिरे तांबडे, गाडीवर बसणारी धूळ तांबडी, कोकमाचं आगळ तांबडं, आणि एसटी स्टँडच्या कोपऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.

गाडी सेकंडहँड, परदेशी बनावटीची आणि ऑटोमॅटिक. बरोबर बायको आणि काका. काकांची हयात दापोडीच्या एसटी वर्कशॉपात गेली आहे, त्यामुळे ज्या वाहनाला क्लच नाही त्या वाहनाला ते वाहन मानत नाहीत. पुण्याहून निघताना त्यांनी डाव्या पायाशी रिकामी जागा बघितली आणि म्हणाले, "हा पाय मग गाडीत कशाला आणायचा?"

पहिला डाग महाडला मिळाला. एका मित्राकडे रात्री मुक्काम केला, त्याने अंगणात नवे कोरे पेव्हर ब्लॉक बसवले होते. सकाळी गाडी बाहेर काढली तर मागे तळहाताएवढा लाल डाग. मित्र काही बोलला नाही. वहिनी मात्र चहा देता देता दोनदा म्हणाल्या की हे ब्लॉक पांढरट निवडले ते उठून दिसावेत म्हणून.

महाडच्या मेकॅनिकने गाडी खाली वाकून पाहिली. ऑटोमॅटिक म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर आली ती एएमटी. आपल्याकडे २०१४ साली सेलेरिओबरोबर एएमटी आली आणि गावोगाव 'ऑटोमॅटिक' म्हणजे तेवढंच झालं. तिच्यात साधाच गिअरबॉक्स असतो, क्लच आणि गिअर टाकायचं काम एक यंत्र करतं. आमच्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर होता, म्हणजे इंजिन आणि गिअर यांच्या मधे चक्क तेल फिरतं आणि त्या तेलाच्या जोरावर गाडी चालते. हे ऐकून मेकॅनिकने मान हलवली आणि म्हणाला, "म्हणजे पॅनचं पॅकिंग गेलंय." गळतं तेल आणि ओला पॅन बघितला की जगातला कुठलाही मेकॅनिक हेच म्हणतो. त्यात त्याचा दोष नाही, पॅन सगळ्यात खाली असतो, त्यामुळे वरचं सगळं पाप त्याच्याच माथी येतं.

त्याने पॅनचे बोल्ट आवळायला घेतले. काकांनी पाना हातातून काढून घेतला आणि उरलेले स्वतः आवळले. आता हे बोल्ट फार नाजूक असतात, बऱ्याच गाड्यांत १० ते १२ न्यूटन-मीटरच्या पुढे जायचं नसतं, नाहीतर पॅनची कड वाकते आणि पॅकिंग बाहेर येतं. काकांचा हात मात्र एसटीच्या चाकांवर बसलेला. मी "पुरे, पुरे" म्हणत होतो आणि काका "अजून जीव आहे त्यात" म्हणत होते. बोल्टमध्ये की माझ्यात, ते कळलं नाही.

कशेडीचा बोगदा, खेड, लोटे. मग परशुराम घाट. दर थांब्याला काका गाडीखाली पुठ्ठा सरकवायचे आणि चहा होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसायचे. एक थेंब नाही. "बघ," ते म्हणाले, "आवळल्यावर थांबलं." चिपळूणला लॉजच्या आवारात गाडी रात्रभर उभी राहिली आणि सकाळी वॉचमनने मला हाक मारली, "साहेब, गाडीला पाळी आलीय का?" बायकोने त्याच्याकडे असं बघितलं की तो दिवसभर गेटच्या पलीकडच्या बाजूला उभा राहिला.

इथून एक विचित्र गोष्ट सुरू झाली. चिपळूणच्या मेकॅनिकने सकाळी इंजिन बंद असताना तेल मोजायची दांडी ओढली आणि म्हणाला, "तेल जास्त झालंय, म्हणून बाहेर पडतंय." त्याने नळी घालून थोडं तेल उपसलं. संगमेश्वरजवळच्या दुसऱ्याने गरम इंजिन चालू ठेवून तीच दांडी ओढली आणि म्हणाला, "तेल कमी आहे हो!" त्याने ओतलं. दोघंही दांडीवर दिसलं तेच सांगत होते. आमच्यासारख्या बहुतेक गाड्यांत ट्रान्समिशनचं तेल इंजिन चालू असताना, गाडी गरम झाल्यावर, गिअर पार्कमध्ये ठेवून मोजायचं असतं. काही गाड्यांत बंद करून लगेच मोजतात, तो त्यांच्या पुस्तकातला कायदा. आमचं पुस्तक गाडीच्या आधीच्या मालकाकडेच राहिलं होतं. त्यामुळे जो दांडी ओढेल त्याचा कायदा चालायचा, आणि दांडी सगळेच ओढत होते. ट्रकवाले, टपरीवाले, एक निवृत्त हेडमास्तर. काका तर जेवणाआधी आणि जेवणानंतर.

देवरुखला आत्याकडे मुक्काम. शेणाने सारवलेलं अंगण, मधे तुळशीवृंदावन. सकाळी आत्या अंगणात उभी राहून काकांकडे बघत होती. काकांनी पान सोडून कित्येक वर्षं झाली, पण आत्याने ते कधीच मानलेलं नाही. "अंगणात थुंकायचं तरी सोडा हो," ती म्हणाली. काकांनी निर्दोषत्व सिद्ध करायला शास्त्र काढलं. वाटीत पाणी घेतलं, पुठ्ठ्यावरचा लाल थेंब बोटाने उचलून त्यात सोडला. थेंब वर तरंगत राहिला. "हे पाण्यात मिसळलं असतं तर ब्रेकचं तेल किंवा रेडिएटरचं पाणी. तरंगलं म्हणजे ट्रान्समिशनसारखं तेल." चाचणी बरोबर होती, अगदी कोणीही करावी अशी. फक्त वाटी पूजेच्या पंचामृताची होती.

माझं लक्ष मात्र दुसरीकडे होतं. महाडला गाडीचं तोंड चढाकडे होतं आणि डाग मागच्या बाजूला पडला होता. आत्याच्या अंगणात गाडी उताराला तोंड करून उभी होती, आणि डाग पुढे, जवळजवळ इंजिनाच्या खाली. कोकणात सपाट अंगण मिळणं कठीण, त्याचा असा फायदा होईल असं वाटलं नव्हतं. म्हणजे तेल जिथे टपकत होतं तिथून ते निघत नव्हतं. वर कुठूनतरी येऊन पॅनच्या कडेवरून उताराने ओघळत जायचं आणि जो कोपरा खाली असेल तिथून पडायचं.

हे मी रत्नागिरीच्या मोठ्या, टाइल्स लावलेल्या गॅरेजमध्ये सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, पॉवर स्टिअरिंग. ही शंका अगदीच टाकाऊ नव्हती, कारण बऱ्याच गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये हेच लाल तेल असतं, आणि ते गळून ट्रान्समिशनवर पडलं की भल्याभल्यांनी चांगला गिअरबॉक्स उतरवून ठेवलेला आहे. त्यांनी स्टिअरिंगच्या पाइपला नवीन क्लॅम्प घातला. मग खात्री करायला ट्रान्समिशनमध्ये एक रंग टाकला, जो अतिनील दिव्याखाली हिरवट पिवळा चमकतो. दुसऱ्या दिवशी, गाडी फिरवून परत नेली, तेव्हा त्यांचा दिवा बिघडलेला निघाला. शेजारच्या पेट्रोल पंपावरून नोटा तपासायचा दिवा आणला, शटर अर्धं ओढून अंधार केला, आणि आम्ही सगळे जमिनीवर आडवे झालो.

गाडीचा तळ इकडून तिकडे लखलखत होता! पॅन, एक्झॉस्ट, मागचा ॲक्सल, सगळी दिवाळी. वारा धावत्या गाडीखालचं तेल मागे उडवतो, आणि तळ आधी धुतला नव्हता. जुनी तेलं आणि ग्रीसही त्या दिव्याखाली थोडीफार चमकतात. पंपाचा पोरगा दिवा परत न्यायला आला होता, त्याने खिशातली पाचशेची नोट काढून तीही तपासून घेतली. क्लॅम्पचे पैसे मात्र साध्या उजेडात मोजून घेतले गेले.

पुढच्या प्रवासात काका गप्प होते, म्हणून मी त्यांना देवमाशाची गोष्ट सांगितली. टॉर्क कन्व्हर्टरच्या आधीपासून, म्हणजे १९४० सालच्या ओल्ड्समोबिल मोटारींत हायड्रा-मॅटिक नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स येऊ लागला तेव्हापासून, तेलावर चालणाऱ्या या यंत्रांना नुसतं वंगण पुरत नाही. आतल्या क्लचच्या चकत्या घसरायलाही हव्यात आणि धरायलाही, तेही धक्का न देता. हे जमवायला अमेरिकेत पुढे बरीच वर्षं या तेलात स्पर्म व्हेलचं तेल घालत. १९७० साली तो देवमासा संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेला आणि रसायनवाल्यांना पर्याय शोधत बसावं लागलं. काकांनी बराच विचार केला. "म्हणजे पूर्वी ही गाडी मांसाहारी होती," ते म्हणाले. पुढे मालवण येत होतं, आणि काका दर गुरुवारी कडक शाकाहारी असत. गाडीकडे बघायची त्यांची नजर त्या दिवशी आणखी बदलली.

कुडाळच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक पत्र्याची शेड होती. म्हातारा मेकॅनिक बाकड्यावर बसून बांगड्याला मीठ लावत होता. त्याने गाडीला हात लावला नाही. आधी विचारलं, "खयसून इलास?" मग विचारलं, "गाडी चालता तेवा गळता, काय उभी रवता तेवा?"

इतक्या लोकांनी इतक्या वेळा दांडी ओढली होती, पण हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. "उभी असताना," मी म्हणालो, "आणि तेही रात्रभर."

"मगे रातचाच बघूक होया. दिवसा बघून काय गावतला?"

त्याने डिझेलचा फवारा मारून तळ धुतला, साबणाच्या पाण्याने पुन्हा धुतला, हवेने सुकवला. मग आतून आपल्या बायकोचा टाल्कम पावडरचा डबा आणला आणि ट्रान्समिशनच्या कडेने, वरून खालपर्यंत, पांढरा थर दिला. आम्ही आसपास गाडी फिरवून गरम केली, त्याच्या शेडमध्ये लावली आणि त्याच्याच पडवीत झोपलो. जेवायला तेच बांगडे होते. वार गुरुवार नव्हता, हे काकांनी स्वतःच दोनदा जाहीर केलं.

उत्तररात्री त्याने उठवलं. बॅटरीच्या उजेडात पावडरीवर एक बारीक लाल रेघ होती. ती पॅनपासून सुरू झाली नव्हती. वर, जिथे तेल मोजायच्या दांडीची नळी गिअरबॉक्सच्या अंगात शिरते, त्या जोडापासून निघून पॅनच्या कडेवर येऊन थांबली होती.

म्हाताऱ्याने मग पडवीत बसून सगळं समजावलं. इंजिन चालू असलं की पंप तेल वर खेचतो, कन्व्हर्टरमध्येच दोनेक लिटर बसतं, त्यामुळे खाली पॅनमधली पातळी उतरलेली असते. गाडी तासन्‌तास उभी राहिली की कन्व्हर्टरमधलं तेल हळूहळू परत खाली येतं आणि पॅनमधली पातळी चढते. आमच्या गाडीत ती रात्रीत त्या जोडाच्या वर जायची, आणि तिथली रबरी रिंग कडक होऊन तडकली होती. दिवसा पातळी रिंगेच्या खाली, म्हणून पुठ्ठा कोरडा. सकाळी बंद गाडीत तेल जास्त, चालू गाडीत तेल कमी, हेही त्याच हिशेबात बसलं. चिपळूण आणि संगमेश्वर यांचं भांडण असं कुडाळच्या पडवीत मिटलं.

"ही दांडी किती जणांनी ओढल्यानी?" त्याने विचारलं. ओढताना नळीसकट हलवली की ती रिंग आणखी फाटते, म्हणे. मी काकांकडे बघितलं नाही. बायकोने बघितलं.

रिंग कुठून आणायची हा प्रश्नच नव्हता. मुंबई-गोवा महामार्गाचं काम दशकाहून जास्त काळ चालू आहे, त्यामुळे त्या रस्त्यावर दुधाआधी जेसीबीचे पार्ट मिळतात. म्हाताऱ्याने हायड्रोलिकच्या रबरी रिंगांची पेटी उघडली, त्या तेल आणि उष्णता दोन्ही सोसतात, माप लावून एक निवडली, तेल चोपडून बसवली, आणि नळी बोल्टने नीट धरली. मग गाडी गरम करून, चालू ठेवून, एकदाच तेल मोजलं आणि पातळी बरोबर केली. त्याआधी काकांनी वाकवलेली पॅनची कड त्याने लाकडाच्या ठोकळ्यावर सरळ केली होती आणि पॅकिंग बदलून दिलं होतं. ते कोणी आवळलं, असं त्याने विचारलं तेव्हा काका बांगड्याची पाककृती विचारायला आत गेले होते.

निघताना त्याने दांडीच्या मुठीला तांब्याची तार गुंडाळून पक्की पिळली. "आता हिका कोणाक हात लावूक देव नको," तो मला म्हणाला, पण बघत होता काकांकडे.

मालवणला दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली पुठ्ठा कोरडा होता. काका त्याच्याभोवती दोनदा फिरले, खाली वाकले, पुठ्ठा उलटा करून बघितला. मग बायकोला हळूच म्हणाले, "तुझ्याकडे पक्कड आहे का गं?"