अंबाडेवाली राणी

"साहेब, अंबाडेवाली गावली. चौसष्टची. म्होरनं झकास हाय, पाठ तेवढी जरा घासलीया."

रात्री साडेअकराला आबांचं हे वाक्य फोनच्या स्पीकरवरून आमच्या पुरसैवाक्कमच्या स्वयंपाकघरात पडलं, तेव्हा बायको दुधाला विरजण लावत होती. तिचा चमचा पातेल्यावरच थांबला. पुढचा अर्धा तास मी व्हिक्टोरिया राणी, १८६४ साल आणि इंग्लंडची पेनी यांची तिला ओळख करून देत होतो. सगळं ऐकून घेऊन तिने शांतपणे विचारलं, "आणि ती पदरवाली?" म्हणजे आधीचे फोनही कानावर गेले होते.

पदरवालीही राणीच. १८६० साली इंग्लंडात तांब्याची पेनी जाऊन काशाची आली. तिच्यावर अंबाडा घातलेली तरुण व्हिक्टोरिया होती. तो अंबाडा १८९४ पर्यंत सुटला नाही. खरी राणी पंचाहत्तरीची झाली तरी नाण्यावरची आपली पंचविशीतच. १८९५ पासून मात्र डोक्यावरून पदर घेतलेली म्हातारी आली. इंग्रज संग्राहक पहिलीला 'बन' म्हणतात. आबा कित्येक वर्षं तिला 'पाववाली' म्हणत, कारण चेन्नईत बन म्हणजे लोणी-जॅम लावून चहाबरोबर खायचा तो. एकदा त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, भिंग हातात घेतलं आणि म्हणाल्या, "पाव कुठला, अंबाडा हाय की. त्यो बी सैल." नाणकशास्त्राला मराठी परिभाषा मिळाली ती अशी.

आबा विट्याकडचे. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यावर देशभर पांगली, त्यांतलं आबांचं घर चेन्नईच्या सौकारपेठेत, मिंट स्ट्रीटच्या एका बोळात मुक्कामाला आलं ते कायमचं. गलाई म्हणजे सोनं-चांदी आटवून चोख करणं. मोडीचे दागिने, तुटकी पैंजणं, सोनाराच्या दुकानातली झाडलोट, सगळं मुशीत जातं, वरून टाकणखार पडतो आणि शेवटी लगड बाहेर येते. आबांच्या आजोबांनी म्हणे राणीछाप रुपये पोत्यांनी आटवले. रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी. १९४० पासून ती निम्म्यावर आली आणि आजोबांचा सरकारवरचा विश्वासही तेवढाच राहिला. राज्य इंग्रजांचं असताना आणि गेल्यावरही या घराने राणीची जितकी मुंडकी वितळवली, तितकी कुठल्या क्रांतिकारकाच्या स्वप्नातही आली नसतील.

अशा घरात पेनी शिरली ती चुकून. कुणाच्या तरी चांदीच्या मोडीत एक काळपट चकती निघाली. चांदीत तांबं गेलं की टंच उतरतो, म्हणून कारागिराने ती चिमट्याने उचलून कोपऱ्यात फेकली. आबा तेव्हा बारा-तेरा वर्षांचे. त्यांनी ती पँटवर घासली, तर खाली हातात त्रिशूळ घेतलेली बाई. ही मात्र भट्टीतून वाचली, आणि वाचली ती कवडीमोलाची होती म्हणून. आबांच्या घरी आज काही शे पेन्या आहेत, पण त्या पहिलीला ते अजून 'थोरली' म्हणतात.

मिंट स्ट्रीट या नावात टांकसाळ आहेच. कंपनीची टांकसाळ आधी किल्ल्यात होती, १८४० च्या दशकात ती या रस्त्यावर आली आणि १८६९ मध्ये बंद पडली. तमिळमध्ये रस्त्याला 'तंग सालै' म्हणतात. लोक त्याचा अर्थ सोन्याचा रस्ता असा लावतात. आबांच्या मते तो आपलाच 'टांकसाळ' शब्द आहे, तमिळ जिभेवर वितळलेला. यावर वाद घालायला मी जात नाही. मी बँकेत नोकरीला, आणि आबांच्या लेखी बँकवाल्याइतका पैशाविषयी अडाणी प्राणी नाही.

हे आबा एकटे नव्हेत, नाणी जमवणाऱ्यांची ही एक जातच आहे, आणि ती ओळखायला सोपी आहे. या माणसाला सुटे पैसे दिले की तो ते मोजत नाही, उलटून साल बघतो. तुमचा भाचा लंडनला निघाला की 'विमान कितीचं' असं न विचारता '१९३३ ची बघ म्हणावं' असं सांगतो. त्या सालच्या पेन्या सातेकच पाडल्या होत्या, त्यांतल्या काही इमारतींच्या पायात पुरल्या. भाच्याने काय इमारती खणायच्या? १९८५ साली चेन्नईचं मूर मार्केट, जुन्या वस्तूंचा बाजार, जळालं त्याबद्दल जुनी माणसं पुस्तकांसाठी हळहळतात. आबांचं दुःख वेगळं आहे. "टंच न काढता आटलं सगळं," म्हणतात.

तमिळमध्ये 'नाणयम' म्हणजे नाणं, आणि नाणयम म्हणजे सचोटीही. आबांनी या श्लेषाचा पुरेपूर वापर केला आहे. नकली माल दाखवणाऱ्या विक्रेत्याला ते हसत हसत सांगतात की तुझ्याकडे नाणयम पुष्कळ आहे, नाणयम तेवढं नाही. मग नाणं फरशीवर टाकतात. खणखणलं तर बोलणं पुढे, बद्द वाजलं तर चहा पिऊन परत.

घरच्यांचे हाल होतात ते प्रतवारीच्या भाषेने. या लोकांत 'फाइन' म्हणजे बरंच झिजलेलं. 'व्हेरी फाइन' म्हणजे कमी झिजलेलं. आबांना एकदा विचारलं, व्याही कसे आहेत? "फाइन," आबा म्हणाले. नुकतेच अँजिओप्लास्टी होऊन घरी आले होते.

शिवाय एक नियम, नाणं धुवायचं नाही. दिवसभर तेजाबात धातू बुडवून लखलखीत करणारा हा माणूस घरी आला की काळेपणाचा पुजारी होतो. चेन्नईच्या खाऱ्या दमट हवेत तांब्यावर हिरवट बुरशीसारखा थर धरतो, म्हणून कपाटात कापूर नाही, अत्तर नाही, फक्त ओल शोषणाऱ्या पुड्या. औषधांच्या डब्यांतून निघणाऱ्या त्या पुड्यांसाठी अख्ख्या बोळातले मधुमेही आबांना बांधील आहेत.

रात्री दहानंतर आबा बर्मिंगहॅमच्या एका निवृत्त बसड्रायव्हरशी फोनवर लिहून गप्पा मारतात. आबा त्याला 'पाव्हणा' म्हणतात. दोघांच्या इंग्रजीचं एकमेकांशी काही नातं नाही, पण पेनीचा फोटो गेला की तलवारबाजीसारखं सुरू होतं: सालाच्या खाली 'एच' आहे का? म्हणजे बर्मिंगहॅमच्या हीटनच्या टांकसाळीची. १८८२ ची 'एच'वाली ढिगाने, बिनएचची मिळाली तर पेढे. एकदा पाव्हण्याने विचारलं, तुझा व्यवसाय काय? आबांनी सरळ लिहिलं, वी मेल्ट कॉइन्स. दोन दिवस उत्तर नाही. गोप्रेमी माणसाला शेजारी खाटीक निघाल्याचं कळावं तसं झालं असणार. तिसऱ्या दिवशी आबांनी थोरलीची कथा लिहून पाठवली तेव्हा कुठे गुडघेदुखीची चौकशी पुन्हा सुरू झाली.

याच पाव्हण्याने आबांना त्यांच्या आयुष्यातला मोठा सौदा करून दिला. कंपनी सरकारने मद्रास इलाख्यासाठी १८०८ साली बर्मिंगहॅमलाच बोल्टनच्या सोहो टांकसाळीत तांब्याची दहा आणि वीस कॅशची नाणी पाडून घेतली. हा कॅश आमच्या काउंटरवरचा नव्हे, तमिळ 'कासु'चा. नाणी घेऊन 'अॅडमिरल गार्डनर' जहाज निघालं आणि जानेवारी १८०९ मध्ये इंग्लंडच्याच किनाऱ्यालगत गुडविनच्या वाळूत रुतून बुडालं. १९८० च्या दशकात पाणबुड्यांनी ती नाणी बाहेर काढली. त्यातलं एक दहा कॅशचं आबांनी मागवलं. पाकीट हातात पडलं त्या दिवशी त्यांनी बोळभर जिलेबी वाटली. "दोनशे वर्सं थकलं होतं मद्रासचं. आज पोचवलं. टपालखर्च माझा."

गेल्या श्रावणात आबांकडे सत्यनारायण होता. त्याच आठवड्यात त्यांना १९०२ ची 'ओहोटीची' पेनी मिळालेली. त्रिशूळवाल्या ब्रिटानियाच्या मागे समुद्राची रेघ असते. १९०२ च्या काही पेन्यांवर ती नेहमीपेक्षा खाली उतरली आहे. फरक सांगितल्याशिवाय दिसत नाही, सांगितल्यावर मरीनाच्या किनाऱ्यावर उभं राहिलं तरी दुसरं काही दिसत नाही. शतक पालटताना सोळा पेन्यांचा रुपया होता, म्हणजे पेनीला आणा. या आण्याला आबांनी चार हजार मोजले होते. हा हिशेब काकूंना सांगायचा नाही असं माझ्याकडून वचन घेतलं होतं.

पूजेच्या सकाळी कलशात घालायला काकूंना नाणं हवं होतं. डब्यात सगळी स्टीलची. देवाला कसलं स्टील, म्हणून त्यांनी कपाट उघडून वर दिसलं ते तांबडं नाणं उचललं. ओहोटीची पेनी कलशात बुडाली. भरती आली म्हणायची. पूजा झाली, गुरुजींनी सुपाऱ्या, तांदूळ, नाणी उपरण्यात बांधली आणि पुढच्या यजमानाकडे टी. नगरला गेले. आबांच्या लक्षात आलं ते दुपारी.

रिक्षावाल्याशी वीस रुपयांसाठी बारा मिनिटं हुज्जत घालणारे आबा त्या दिवशी मीटर, भाव काही न विचारता बसले. बरोबर मी, साक्षीदार म्हणून. आम्ही पोचलो तेव्हा पूजा अर्ध्यावर होती आणि पेनी विड्याच्या पानावर, सुपारीच्या गणपतीखाली. आता ती काढायची कशी? यजमानांनी पाहुणे समजून सतरंजीवर बसवलं. कथा सुरू. साधुवाण्याचं जहाज, जहाजातल्या मालाचा झालेला पालापाचोळा, प्रसाद न घेतल्याने बुडालेली नौका. शेजारी आबा पुटपुटले, "अॅडमिरल गार्डनर." पाचही अध्याय आम्ही ऐकले. शिरा दोनदा घेतला. प्रसाद नाकारायची छाती तेव्हा दोघांचीही नव्हती.

गुरुजी मात्र नाणं द्यायला तयार होईनात. "यावर देवी आहे," ते म्हणाले, "त्रिशूळ आहे, ढाल आहे, मागे समुद्र. देव्हाऱ्यात ठेवणार आहे मी." ही इंग्रजांची बाई आहे हे सांगून ब्राह्मणाचा भाव मोडणं आबांच्या जिवावर आलं. त्यांनी पाकिटातल्या चोरकप्प्यातून राणीछाप रुपया काढला, अस्सल चांदीचा, आजोबांच्या भट्टीतून कसाबसा निसटलेला. "देवीला चांदीच बरी दिसंल, गुरुजी."

पेनीला हळद-कुंकू चिकटलं होतं. पुसायचं की नाही? रात्री फोटो बर्मिंगहॅमला गेला. पाव्हण्याने डाग कसला विचारलं, आबांनी लिहिलं, होली टर्मरिक. बराच वेळ विचार करून उत्तर आलं: धुऊ नकोस.

आता आबांच्या अल्बमात त्या पेनीच्या खाचेखाली काकूंच्या अक्षरात चिठ्ठी आहे: '१९०२. ओहोटी. फाइन. हळदीसकट.'