दुर्मीळकाका

काशीयात्रेच्या प्रत्येक बसमध्ये एक दुर्मीळकाका असतातच. यात्रा कंपनीच्या यादीत त्यांचं नाव काहीही असो, प्रयागला पोहोचेपर्यंत सगळी बस त्यांना याच नावानं ओळखू लागते. साठी उलटलेली, नोकरी बँकेत नाहीतर एसटीत झालेली आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी घडीचं भिंग. बाकीची मंडळी देवळात गेली की कळसाकडे बघून हात जोडतात. काका उंबऱ्याकडे बघतात. जुन्या उंबऱ्यांत रुपये ठोकलेले असतात, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

काकांच्या घरी एक डबा असतो, बहुधा बिस्किटांचा, पत्र्याचा. त्यात दुसऱ्या महायुद्धातला भोकाचा पैसा असतो आणि कंपनी सरकारचा १८३५चा पाव आणाही. ‘थेट महाराजांच्या काळातल्या’ म्हणून दाखवायच्या आठ-दहा शिवरायाही असतात. त्यातल्या बहुतेक पेशवाईत पाडलेल्या, पण हे काकांना सांगायचं धाडस घरात कोणी करत नाही. शिवाय कमळाचं चित्र असलेलं १९७०च्या आसपासचं वीस पैशांचं नाणं, ज्यात सोनं आहे अशी हूल त्या काळी देशभर उठली होती. त्यात होतं मुख्यतः तांबं. काकांच्या मते ही सरकारनं नंतर पसरवलेली अफवा.

ही सगळी नाणी लखलखीत असतात. दर दिवाळीला काका ती चिंच-मीठ लावून घासतात. नाण्यावर वर्षानुवर्षं चढलेल्या ज्या काळपट थराचे जाणकार पैसे मोजतो, तो थर आमच्या काकांनी दरवर्षी मोरीत सोडून दिलेला असतो.

आणि डब्याची किंमत? ती काकांच्या पेन्शनपेक्षा वेगानं वाढते. मुलीच्या लग्नात ती दोन लाख होती, नातवाच्या मुंजीपर्यंत अकरा झाली. मग विकत का नाही, असं विचारणारा माणूस काकांच्या नजरेतून कायमचा उतरतो. विकायला काढलं तर भाव कळेल, आणि भाव कळला तर डब्यात उरलं काय?

एकदा मात्र विकायची वेळ आली होती. ‘रिझर्व्ह बँकेतून’ फोन आला, तुमच्या पाव आण्याला सात लाख मंजूर झालेत, फक्त कमिशन आधी भरा. काकूंनी फोन हिसकावून घेतला म्हणून वाचले. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१मध्ये जाहीरच केलं होतं की आम्ही जुन्या नाणी-नोटांचा व्यवहार करत नाही, कमिशनही मागत नाही. काकांनी या खुलाशातून एवढंच घेतलं की रिझर्व्ह बँकेलाही आता या विषयात लक्ष घालावं लागतंय.

जितकं जुनं तितकं महाग, हा त्यांचा मूळ सिद्धांत. प्रत्यक्षात कुषाणांची तांब्याची नाणी जवळजवळ दोन हजार वर्षांची आहेत, पण त्यांतली झिजलेली काही शे रुपयांत मिळतात. आणि सहाव्या जॉर्जचा १९३९चा चांदीचा रुपया शंभरीही न गाठता लाखांच्या गोष्टी करतो, कारण तो फारच थोडा बाहेर आला. काकांकडे १९३८चा आहे. ‘एका वर्षानं हुकलं,’ हे ते घरातलं माणूस गेल्याच्या सुरात सांगतात. आठात फेरफार करून नऊ करणारे कारागीर बाजारात आहेत, हे ऐकल्यापासून तर त्यांची झोपच उडाली आहे.

असे हे काका दशाश्वमेध घाटावर उतरले की काय होत असेल! घाट पेशव्यांनी १७४८च्या सुमारास बांधून घेतला असं सांगतात. तेव्हा घाटाखाली जे असेल ते आपलंच, हा काकांचा पहिला दावा. दुसरा दावा दहा अश्वमेधांचा. ब्रह्मदेवानं इथे दहा अश्व सोडले, आणि समुद्रगुप्तानं अश्वमेधाचं सोन्याचं नाणं पाडलं, एका बाजूला यज्ञाच्या खांबापुढे घोडा, दुसऱ्या बाजूला चवरी घेतलेली राणी. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी ठीक आहेत. काका त्या जोडतात आणि पायरी नखानं टोकरू लागतात.

आमच्या बसमध्ये इतिहासाच्या निवृत्त बाई होत्या. त्यांनी काकांना जेम्स प्रिन्सेपची गोष्ट सांगितली. १८२०पासून दहा वर्षं तो याच शहरातल्या टांकसाळीत धातूची पारख करायचा, आणि पुढे १८३७च्या सुमारास त्यानं ब्राह्मी लिपी उलगडली. फरक इतकाच की प्रिन्सेपला नाण्यावर अक्षरं दिसायची, आमच्या काकांना शून्यं दिसतात.

मग बाईंनी वॉरन हेस्टिंग्जचं सांगितलं. बनारसच्या मुलखात एका नदीकाठी मडक्यात सोन्याची १७२ नाणी सापडली. हेस्टिंग्जनं ती मोठ्या अभिमानानं लंडनला कंपनीच्या संचालकांकडे नजराणा म्हणून पाठवली, आणि त्यांनी ती वितळवून टाकली, अशी हकीकत नाण्यांच्या पुस्तकांतून सांगतात. काका मटकन पायरीवर बसले. समोर कुणाचा दशक्रिया विधी चालला होता. त्या मंडळींनीही सहानुभूतीनं वळून पाहिलं.

“म्हणजे अजून असतील,” सावरल्यावर काका म्हणाले.

“असतील. पण १८७८चा कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं.”

काकांनी डावीउजवीकडे पाहिलं. मुठीत मघाशीच चिखलातून उचललेलं काहीतरी होतं. “हे नऊ रुपयांचं आहे,” ते पुटपुटले. त्यांच्या हयातीत एखाद्या नाण्याची किंमत त्यांनी कमी सांगितल्याचा हा एकमेव प्रसंग. (ते सोड्याच्या बाटलीचं बूच निघालं.)

वरच्या पायरीवर एकजण रुद्राक्ष, शंख आणि नाणी मांडून बसला होता. त्यातलं एक काकांनी उचललं. एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण आणि मारुती. दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, १८१८. असं नाणं कंपनीनं कधीही पाडलं नाही. देवादिकांच्या चित्रांची ही पितळी चकती गावोगाव विकली जाते. पण १८१८ हे साल पाहून मराठी माणसाच्या काळजात व्हायचं ते झालंच.

“भैया, ये कितनेको देनेका?”

“बाबूजी, लाखों का माल है। आप के लिए पाँच सौ।”

लाखाचं पाचशेला का देतोस, हे काका विचारत नाहीत. विचारलं तर बिचाऱ्याला खरी किंमत कळेल ना! तिकडे तो बिचाराही याच समजुतीवर पोट भरतो. घासाघीस होऊन अडीचशेला सौदा ठरला आणि दोघंही एकमेकांची कीव करत उठले.

संध्याकाळी आरतीच्या वेळी काकू म्हणाल्या, “अहो, गंगेत टाकायला एखादं नाणं द्या.” काकांनी खिशातली चिल्लर काढली आणि भिंग लावलं. यावर चौकट आहे, म्हणजे मुंबई टांकसाळ, ठेवा. यावर तारा, हैदराबाद, राहू दे. हा ठिपका नोएडाचा, पुढेमागे दुर्मीळ होईल. आरती संपत आली तरी गंगेला देण्याइतकं सामान्य नाणं काकांना सापडेना. काकू कंटाळल्या. त्यांनी काकांच्या पिशवीत हात घातला, हाताला लागलं ते काळपट पितळी नाणं घेतलं, ‘हर गंगे’ म्हणाल्या आणि भिरकावून दिलं.

काकांनी फोडलेली किंकाळी शंखनादात विरली.

त्या काठाला दोरीला चुंबक बांधून पाण्यातली नाणी काढणारी पोरं असतात. काकांनी एकाला पन्नास रुपये कबूल करून कामाला लावलं. चुंबक गेला, आला. दोन पोलादी रुपये, एक खिळा. पुन्हा गेला, एक पाचाचं, एक साखळीचा तुकडा. पोरगं शेवटी वैतागलं.

“क्या फेंका था, बाबूजी?”

“पुराना सिक्का. पीतल का.”

“अरे, पीतल चुंबक से थोड़े ही चिपकता है!”

काकांचा चेहरा एकदम उजळला. ते काकूंकडे वळले. “ऐकलंस? चिकटलं नाही! म्हणजे पितळसुद्धा नसणार ते. सोनंच होतं.” आणि त्यांनी त्या पोराला शंभर रुपये दिले.

मुक्कामी परतेपर्यंत त्या नाण्याची किंमत साडेचार लाखांवर गेली होती.