आत्ता तर काहीच नाही

जुन्या गाडीचा कायमचा बिघाड सज्जन असतो. येतो, सापडतो, पार्ट बदलला की जातो. खरा वस्ताद तो, जो अधूनमधून येतो. भर दुपारी खंबाटकीच्या चढावर गाडी बंद पडते, मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून घाट डोक्यावर घेतात. आणि तीच गाडी गॅरेजच्या दारात पहिल्या चावीला सुरू होते. मिस्त्री कान लावतो, रेस देतो आणि म्हणतो, "आत्ता तर काहीच नाही." पुराव्याअभावी आरोपी निर्दोष. संशय उरतो तो मालकावर.

मग स्कॅनर येतो. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटात खोचला की कोड उमटतो: पी ०३३५, म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड. मालकाला वाटतं, निकाल लागला. पण ही नुसती फिर्याद. सेन्सर गेला, वायर तुटली, की कपलरमध्ये हिरवा गंज धरला, हे कोड सांगत नाही. घाईघाईनं नवा सेन्सर बसतो आणि बिघाड पुढच्या घाटात पुन्हा हजर.

कधी मात्र दोषी खरोखर सेन्सरच असतो. त्यातल्या केसाएवढ्या तारेला चीर गेली की इंजिन तापल्यावर टोकं दुरावतात, गार झाल्यावर पुन्हा जुळतात. म्हणून आपण चहा पिऊन येईतो गाडी शहाणी झालेली असते. तापमानाच्या सेन्सरची तर वेगळीच तऱ्हा. गारठ्यात त्याचा विद्युतरोध वाढतो. त्याची वायरच सुटली की गाडी समजते, थंडीची कमाल झाली; बऱ्याच गाड्यांत स्कॅनरवर तेव्हा उणे ४० अंश दिसतात. बाहेर जळगावचा मे महिना, आणि गाडी मनानं सैबेरियात!

सगळ्यात बनेल साक्षीदार म्हणजे मल्टिमीटर. अर्थिंगच्या जाड केबलमध्ये दोन-चार तारा शाबूत असल्या तरी तो 'पीं' करून जोडणी ठीक असल्याची ग्वाही देतो. इंजिन, हेडलाइट, पंखा सगळं चालू करून विचारलं की खरं बोलतो: बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनापर्यंत अर्धा व्होल्ट वाटेतच गडप! बरेच सेन्सर ५ व्होल्टांवर चालतात, हे लक्षात घेतलं की या गळतीची किंमत कळते.

म्हणून मुरलेला वायरमन मीटरच्या आधी मालकाची उलटतपासणी घेतो. "गाडी गरम होती का गार? पाऊस होता? एसी चालू होता? खड्ड्यात आदळली होती?" पण मालकाला काय झालं हे सांगण्यात रस नसतो, का झालं हे सांगायचं असतं. पेट्रोलमध्ये पाणी असणार. मेहुणा म्हणतो, ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटरच गेला. वायरमन "हो, हो" म्हणत चालू इंजिनाच्या वायरी एकेक करून हलवत राहतो. एका वळणावर इंजिन अडखळतं. उंदरानं कुरतडलेली वायर रंगेहाथ सापडते! डाग, टेप, अर्थिंगच्या बोल्टवर पॉलिश पेपर, आणि बिल आजवरच्या सगळ्या बिलांत लहान.

पण खटला मिटला म्हणावं, तर कशावरून? बिघाड आहे हे जसं दाखवता येत नव्हतं, तसं तो गेला हेही दाखवता येत नाही. मालक विचारतोच, "आता नक्की येणार नाही ना?"

वायरमन हात पुसत म्हणतो, "चालवा. आलं तर या."

मोटारधंद्यात याहून प्रामाणिक हमी मी ऐकलेली नाही.